तिसरी रेघ

आमच्या बेटावर पडदे कुणी ओढत नाही. संध्याकाळी दिवे लागले की रस्त्यानं जाणाऱ्याला घरोघरचं जेवण दिसतं, कोण कुणाशी अबोला धरून बसलंय ते दिसतं, आणि त्यात कुणालाच काही वाटत नाही. पडदा ओढलेला दिसला तर त्या घरात एक तर मयत झालेली असते, नाही तर काहीतरी लपवण्यासारखं चाललेलं असतं. म्हणून त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत रेन्स्का दिवेलागणीच्या आधीच पडदे ओढायला लागली, तेव्हा बेकरीवाल्या बेपच्या तोंडाला नुसता ऊत आला.

"मयत तर नाही," पाव कापता कापता बेप म्हणाली. "आई जाऊन किती वर्षं झाली. मांजर धडधाकट आहे, काल माझ्याच दारात उंदीर टाकून गेलं. म्हणजे पुरुषच!"

"साठी उलटल्यावर?" गिऱ्हाइकानं विचारलं.

"मग? साठी उलटली की माणसाला गंज चढतो का?"

पुरुष कोण, यावर बेटभर खल झाला. बोटीवरचा इंजिनिअर हार्म, ज्याची बायको पलीकडच्या किनाऱ्यावर राहते, त्याच्यावर बहुमत पडलं. बिचाऱ्या हार्मला यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. तो आपला बोटीच्या पोटात तेलानं माखलेला. रेन्स्काच्या कानावर हे आलंच. बेटावर कानावर न येणारं असतं काय? तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. उलट एका शनिवारी तिनं साखरेच्या पावाचा एक तुकडा मुद्दाम जास्तीचा मागितला, बेपच्या भुवया वर गेल्या तशी गालातल्या गालात हसली, आणि घरी जाऊन, पडदे ओढून, दोन्ही तुकडे एकटीनं खाल्ले. मग उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसली.

तो हात कापत होता.

फार नाही. अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांवर फिरायचं, कुणी आमटीत मिठाची चिमूट सोडावी तसं. त्या हाताची लबाडी अशी की त्याला काम दिलं की तो शहाण्यासारखा वागायचा. सुई धर, कात्री धर, फोन धर, अगदी गुण्यागोविंदानं. रिकामा ठेवला की लगेच सुरू! म्हणूनच इतके महिने कुणाला सुगावा लागला नव्हता. रेन्स्का हल्ली बसतच नसे. दवाखान्यात कॉफी उभ्यानं प्यायची, बोलताना हात एप्रनच्या खिशात घालून किल्ल्या चाळवत राहायची. वाढदिवसांना जाणं तिनं सोडलं, कारण आमच्याकडे वाढदिवस म्हणजे खुर्च्या गोल मांडून बसायचं, मांडीवर बशी, बशीत केक, आणि समोर बसलेल्या सगळ्यांचे डोळे तुमच्या बशीवर. डोकं दुखतं म्हणायची. लोक म्हणायचे, हार्म आला असेल.

म्हणू देत. खऱ्यापेक्षा ती कुचाळकी परवडली.

कारण खरं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. म्हाताऱ्या वोबाचा हात असाच सुरू झाला होता, आणि वोबाला पार्किन्सन आहे हे बेटावरच्या पोराटोरांना माहीत आहे. हे उद्या दवाखान्यात कळलं की काय होणार? कुणी वाईट वागणार नाही. फुलं देतील, भाषण करतील, मोठा केक आणतील आणि म्हणतील, रेन्स्का, आता आराम कर. त्या आरामाचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची.

का, ते सांगते.

रेन्स्का आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मदतनीस. फोन घ्यायचे, जखमा धुवायच्या, कानातला मळ काढायचा, हे सगळं तीच करायची. पण बेट तिला ओळखायचं ते ईसीजीसाठी. छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की मागच्या खोलीत रेन्स्काच्या हवाली. मोठं हॉस्पिटल पलीकडच्या किनाऱ्यावर. बोटीनं जायचं तर अर्धा दिवस मोडतो, आणि धुकं असलं तर बोटही नाही. त्यामुळे दुखणं हृदयाचं की पोटातल्या वाताचं, हेलिकॉप्टर बोलवायचं की कॉफी पाजून घरी धाडायचं, हे त्या गुलाबी चौकटींच्या कागदावर ठरतं. ठरवायचं डॉक्टरांनी. कागद साफ काढून द्यायचा रेन्स्कानं.

आणि कागद साफ काढणं सोपं वाटत असेल तर एकदा येऊन बघा म्हणावं. त्या यंत्राला हृदय कुठलं आणि बाकीचं अंग कुठलं, काही कळत नाही. जे हललं ते लिहिलं. शाळेतल्या मास्तरांना हिवाळ्यात समुद्रात डुबक्या मारायची खाज. ते छाती धरून, दात वाजवत आले की कागदावर नुसतं गवत उगवायचं. हॉटेलवाल्याला गुदगुल्या व्हायच्या, तो हसला की रेघ छताला. आणि यंत्र शहाणं कागदाच्या माथ्यावर स्वतःचा निकालही छापतं! दर वेळी काहीतरी भयंकर. हृदय फडफडतंय, हृदय अडलंय, पळा पळा.

"गप रे मूर्खा," रेन्स्का यंत्राला म्हणायची. "तुला काय कळतंय? तू बेटावरचा तरी आहेस का?" मग मास्तरांना गरम पांघरूण घालायची, हॉटेलवाल्याला त्याच्या सासूची आठवण करून द्यायची, आणि दुसरा कागद आरशासारखा साफ यायचा. एकदा तसा साफ कागद काढूनही मास्तरांची रेघ वाकडीच राहिली. त्या दिवशी हेलिकॉप्टर आलं, आणि मास्तर आज जिवंत आहेत. अजून डुबक्या मारतात, गाढव कुठले.

हे तिला शिकवलं जुन्या डॉक्टरांनी. टेर्विस्का त्यांचं नाव, आता नाहीत. ते सांगायचे, "दोन हात आणि डावा पाय, ही तिघं भावंडं. त्यांच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीची एक रेघ. तिघांत एक दंगेखोर असला तर तो ज्या दोन जोड्यांत आहे त्या दोन्ही रेघा बिघडवेल. ज्या जोडीत तो नाही ती रेघ शांत राहील. शांत रेघ सापडली की चोर सापडला." पायाची चुळबुळ असेल तर पहिली रेघ शांत, डाव्या हाताची असेल तर दुसरी, उजव्या हाताची असेल तर तिसरी. रेन्स्काला हे स्वतःच्या नावासारखं पाठ होतं. कागद हातात आला की तिचे डोळे आधी त्या तीन रेघांवर जायचे, मग बाकीच्यावर.

पण मी सांगत होते ते भीतीचं. एकटी होती ती. आडवळण कशाला, सरळच सांगते. तरुणपणी एक साखरपुडा झाला होता. त्याला पलीकडे जायचं होतं, हिला आईला सोडवेना. तो गेला, तिकडेच रुळला. मग आईचं करण्यात वर्षं गेली. बेटावरची एकूण एक छाती रेन्स्काच्या हाताखालून गेलेली. केस कुठे भादरावे लागतात, कुणाच्या बरगडीखाली जुना व्रण आहे, सगळं तिला ठाऊक. पण तिच्या अंगाला माणसाचा हात शेवटचा कधी लागला, हे आठवायला तिला विचार करावा लागायचा. आईला उचलून खुर्चीत बसवताना आई गळ्यात हात टाकायची, बहुतेक तेव्हाच. दिवसभर लोकांच्या मनगटांना चिमटे लावायचे, छातीवर चकत्या चिकटवायच्या, "गार लागतंय हं" म्हणायचं, एवढीच तिची माणसांशी लगट. दवाखाना गेला की तीही गेली. मग राहिलं काय? पडदे आणि मांजर.

म्हणूनच तिला वोबा कळायचा.

वोबा बांधावर काम करायचा, समुद्राच्या बांधाची डागडुजी. आता थकलेला, बायको इम्का जाऊन बरीच वर्षं झालेली. महिन्यातून एखाद्या सोमवारी त्याच्या छातीत दुखायचं. हृदयाला काही झालेलं नसायचं, पण छातीत दुखतं म्हटल्यावर कागद काढायलाच हवा. आणि वोबाचा कागद म्हणजे परीक्षा! उजवा हात झोपल्या झोपल्या नाचायचा, पहिल्या दोन रेघांवर करवतीचे दाते उमटायचे, आणि यंत्र बोंबलायचं की हृदयाचे वरचे कप्पे फडफडताहेत. इतरांचा हात कापला तर रेन्स्का म्हणायची, हात कुल्ल्याखाली दाबून झोप. वोबाला तिनं कधी तसं सांगितलं नाही. ती खुर्ची ओढून बसायची आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायची, घट्ट, कागद संपेपर्यंत. रेघ साफ यायची.

"झालं, वोबा. हृदय बैलाचं आहे तुझं."

"अजून एक काढ गं," वोबा म्हणायचा. "ह्यात माझं नाक नीट आलं नाही."

"फोटो स्टुडिओ आहे का हा?"

"म्हाताऱ्यावर एवढा कागद वाया गेला तर सरकार बुडणार आहे का?"

आणि रेन्स्का अजून एक काढायची. नवी डॉक्टर हेस्टर आली, तिशीतली, पलीकडच्या किनाऱ्यावरची, तिनं एकदा भिंतीआडून हे ऐकलं आणि विचारलं, "रेन्स्का, वोबाचे दर वेळी दोन-दोन ईसीजी कशासाठी?" रेन्स्का म्हणाली, "पहिल्यात नाक नीट येत नाही." हेस्टर तिच्याकडे बघत राहिली. पुन्हा तिनं कागदाचं नाव काढलं नाही. तेव्हापासून हेस्टर रेन्स्काला आवडली.

मग ऑक्टोबरातला तो सोमवार. वोबा आला, झोपला, रेन्स्कानं त्याचा हात धरला आणि बटण दाबलं. कागद आला तो करवतीचा. तिनं हात तसाच धरून पुन्हा एक काढला. पुन्हा करवत.

"वोबा, स्वस्थ पड ना जरा!" ती खेकसली.

वोबानं मान वळवून त्या तीन हातांच्या गाठोड्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. तेव्हा रेन्स्काला कळलं की दोघांतला कापणारा हात आता एकच राहिलेला नाही. नुसतं धरून बसणं म्हणजे हाताच्या हिशेबी काम नव्हे, रिकामं बसणंच ते. तिनं मुकाट्यानं वोबाच्या कुल्ल्याखाली त्याचा हात दाबून ठेवला आणि कागद काढला. साफ आला. वोबानं बटणं लावली, टोपी घातली. त्या दिवशी त्यानं अजून एक काढ म्हटलं नाही. त्यानं कुणाला सांगितलंही नाही, आणि रेन्स्का त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या छातीत दुखायला लागलं.

उजव्या खांद्यातून निघून छातीवर उतरणारी कळ. कपाटातलं वरचं काही काढायला गेलं की जीव जायचा. शुक्रवारी दुपारी हेस्टर सायकलवरून दीपगृहाकडच्या एका बाळंतिणीला बघायला गेली होती, बाहेर धुकं दाटलेलं, दवाखान्यात चिटपाखरू नाही. कळ आली आणि थांबेना. रेन्स्का मागच्या खोलीत गेली, सदरा काढला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या पलंगावर स्वतः झोपली. चकत्या लावल्या. गार लागल्या. चिमटे लावले. डाव्या हातानं बटण दाबलं आणि छताकडे बघत पडून राहिली. छताला एक ओल होती, तिला कधी दिसली नव्हती. बेटावरच्या सगळ्यांना ती पाठ असणार.

उजवा हात शेजारी रिकामा पडला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

कागद बाहेर आला. पहिल्या रेघेवर करवत, दुसऱ्या रेघेवर करवत. माथ्यावर यंत्रानं छापलेलं होतं: हृदयाचे वरचे कप्पे फडफडताहेत.

आणि रेन्स्काला आनंद झाला! हसू नका. हृदय म्हणजे काय, एक सरळ, इभ्रतीचं दुखणं. हेलिकॉप्टर येतं, पलीकडे नेतात, मांडीतून तार घालून आत कुठेतरी डागतात, आठवड्यात माणूस परत. लोक वाटाण्याचं सूप घेऊन येतात. आणि मग पुन्हा कामावर. हृदयासाठी कुणी कुणाला आराम कर म्हणत नाही. ज्या यंत्राला ती आयुष्यभर मूर्ख म्हणत आली, त्याचं म्हणणं त्या दिवशी तिला वेदवाक्य वाटलं. तिनं कागदाची घडी घातली. घडी नेमकी दुसऱ्या रेघेखाली पडली. तिसरी रेघ आत गेली.

मग तिनं बेपला फोन केला. मांजराचं कुणीतरी बघायला हवं होतं.

"हृदय?" बेप किंचाळली. "अगं बाई गं! मी येऊ का? मी येतेच."

"येऊ नकोस, हेस्टर येईलच इतक्यात. तू फक्त मांजराला घाल काहीतरी. मागचं दार उघडं आहे."

"घालते, घालते. तू बोलू नकोस, पडून राहा. आणि..." बेपनं आवाज खाली आणला. "त्याला कळवू का? माझ्या पोटात राहील, शप्पथ. तो आत्ता बोटीवर असेल ना?"

रेन्स्का रिसीव्हर धरून उभी होती. हो म्हणणं सोपं होतं. इतके आठवडे ते न म्हणताच चाललं होतं.

"कळवायला कोणी नाही, बेप," ती म्हणाली. "कधीच नव्हतं. पावाचे दोन्ही तुकडे मीच खाल्ले."

तिकडे बराच वेळ नुसता श्वास. बेपला गप्प बसलेलं बेटानं कधी ऐकलं नव्हतं.

"मी मांजराला माझ्याकडेच घेऊन येते," शेवटी बेप म्हणाली, आणि फोन ठेवला.

हेस्टर आली ती धुक्यानं भिजलेली. रेन्स्का कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन मागच्या खोलीत बसली होती, सहलीला निघालेल्या मुलीसारखी.

"डॉक्टर, हेलिकॉप्टर बोलव," ती म्हणाली आणि घडी घातलेला कागद पुढे केला. "छातीत कळ येतेय. वरचे कप्पे फडफडताहेत. यंत्रानंही तेच म्हटलंय."

"यंत्रानं?" हेस्टर म्हणाली. "त्या मूर्खानं?"

पण ती हसली नाही. ओला कोट फेकून तिनं आधी रेन्स्काची नाडी धरली, डाव्या मनगटाची, आणि डोळे मिटून मोजली. रक्तदाब घेतला. दुखतं कुठे, कधीपासून, घाम येतो का, जिना चढताना वाढतं का, सगळं विचारलं. मग उजवा हात वर उचलायला सांगितला. तो खांद्याच्या वर जाईना. हेस्टरनं खांद्याच्या पुढच्या बाजूला अंगठा दाबला, तशी रेन्स्का ओरडली.

"हीच ना ती कळ?"

रेन्स्कानं मान खाली घातली; कळ त्या आखडलेल्या खांद्याचीच होती. हेस्टरनं कागद घेतला, खिडकीशी नेला. घडी उलगडली. पाठमोरी उभी राहून ती बराच वेळ बघत होती, आणि रेन्स्काला तिच्या खांद्यांवरूनच कळलं की तिचे डोळे आता कुठे आहेत. हेस्टरलाही कुणीतरी तिघा भावंडांची गोष्ट सांगितलेली असणार.

"ही घडी इथेच का घातलीत?" हेस्टरनं न वळता विचारलं.

"कागद खिशात मावत नव्हता."

"रेन्स्का."

"काय?"

"तिसरी रेघ बघितलीत? ती शांत आहे."

बाहेर धुक्यामुळे धक्क्यालाच अडकलेल्या बोटीचा भोंगा वाजला. रेन्स्कानं पर्सचा बंद मुठीत धरला होता; ती मूठ तिनं सोडली आणि उजवा हात मांडीवर तसाच ठेवला. हात रिकामा झाला. लगेच सुरू झाला. पहिल्यांदाच दुसऱ्या कुणासमोर.

"वळ आता," ती म्हणाली. "आणि बघ."

हेस्टर वळली. तिनं पाहिलं.

"किती दिवस झाले?"

"उन्हाळ्यापासून. तेव्हा पर्यटकांची गर्दी होती, कुणाचं लक्ष नव्हतं."

"म्हणून पडदे?"

"म्हणून पडदे."

"आणि आम्ही सगळे त्या हार्मला..." हेस्टरनं ओठ चावला. "मी त्याला परवा बोटीवर डोळा मारला, रेन्स्का. तो अजून विचार करत असेल."

रेन्स्का हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "मला घरी बसवू नकोस गं," ती म्हणाली. "चकत्या लावताना तो कापत नाही. अजिबात नाही, बघ हवं तर. काम दिलं की सरळ असतो. मला घरी नको बसवू. घरी कुणी नाही. पूर्ण दिवसात एक माणूस नाही. मला हे हृदय असतं तर बरं झालं असतं."

बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. पण बोललं ते बोललं.

हेस्टर खुर्ची ओढून समोर बसली. "खोटं सांगणार नाही," ती म्हणाली. "पलीकडे मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल. गोळ्या असतात, बऱ्याच जणांना बरा गुण येतो. अजून किती वर्षं काम करता येईल, ते मला आज सांगता येत नाही. मी तुम्हाला उद्यापासून काढणार नाही, एवढं सांगता येतं. पण छातीत दुखत आलेल्या माणसाचा असला घाणेरडा कागद मी पलीकडे पाठवू शकत नाही. हृदय आज बघायचंच, रक्तही तपासायचं. कोट काढा आणि झोपा."

"मला माहीत आहे तो कसा साफ येतो," रेन्स्का म्हणाली. "हात खाली दाबून झोपते."

"झोपा म्हटलं ना."

रेन्स्का झोपली. ओलीचा डाग वर होताच. हेस्टरनं चकत्या लावल्या. तिची बोटं बाहेरच्या हवेनं गारठलेली होती आणि ती "गार लागतंय हं" म्हणायला विसरली. डावा हात, डावा पाय, उजवा पाय. उजव्या मनगटाला चिमटा लावताना तिच्या बोटांखाली ते मनगट टकटक करत होतं.

"काम दिलं की सरळ असतो म्हणालात ना?" हेस्टरनं विचारलं.

"हो."

"मग धरा. नुसता ठेवू नका, धरा. दाबा मला."

आणि तिनं रेन्स्काच्या उजव्या हातात आपला हात दिला.

रेन्स्कानं तो धरला. आधी जपून, परक्याची वस्तू धरावी तसा. मग दाबला. हेस्टरनंही दाबला. हाताला पहिल्यांदा काही उमजेना, तो दोन-चार वेळा धडपडला. मग काम मिळाल्याचं त्याला कळलं आणि तो गप्प झाला. हेस्टरनं डाव्या हातानं बटण दाबलं. यंत्र कुरकुरलं. रेन्स्काच्या डोळ्यांतलं पाणी आडव्या माणसाचं जातं तसं कानांत गेलं, आणि तिला ते पुसता येईना, कारण तिचा एक हात वायरीत होता आणि दुसरा धरलेला होता.

कागद बाहेर आला. पहिली रेघ साफ, दुसरी साफ, तिसरी साफ. माथ्यावर यंत्रानं छापलं होतं, सगळं ठीक आहे.

"चांगलं आहे," हेस्टर वाचत म्हणाली. "खूप चांगलं आहे. बैलाचं हृदय आहे तुमचं. पाठवते पलीकडे, तेही बघतील." ती उठायला लागली, आणि उठताना कुणीही करेल तसा तिचा हात सैल झाला.

रेन्स्कानं सोडला नाही. ती छताकडेच बघत होती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "अजून एक काढ ना. ह्यात माझं नाक नीट आलं नाही."

हेस्टर पुन्हा खाली बसली. हात तसाच राहू दिला आणि डाव्या हातानं बटण दाबलं.